वजन राहिले

मला गणित येत नाही हे मी चौथीत असताना ठरलं. ज्या माणसामुळे ते ठरलं, त्याच्या शेजारच्या टेबलावर मी पुढे चार वर्षं बसले आणि त्याच्याकडूनच अपूर्णांक शिकले. हा तोच माणूस हे मला कळलं ते अगदी शेवटच्या महिन्यात. माझ्या नशिबाला अशी थट्टा करायची सवयच आहे, म्हणून नशिबाबद्दल मी काही बोलणार नाही. मला त्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

आधी चौथीचं सांगून टाकते. गणिताच्या पुस्तकात एक गोल होता. दोन उभ्या रेघांनी त्याचे तीन भाग केले होते आणि मधल्या भागात बारीक तिरक्या रेघा भरल्या होत्या. खाली प्रश्न होता: रेघा भरलेला भाग किती? सगळा वर्ग ओरडला, ‘एक छेद तीन!’ मी हात वर केला आणि म्हटलं, ‘बाई, मधला मोठा आहे.’ मला याची पक्की खात्री होती. आमच्या घरी आई कलिंगडाची गोल चकती अशीच कापायची, दोनदा उभी सुरी ओढून, आणि मधला तुकडा कायम दादाच्या ताटलीत जायचा. कडेचे दोन, ज्यांना नुसती सालच साल, ते मला आणि धाकटीला. या विषयातला माझा अभ्यास दांडगा होता.

बाई म्हणाल्या, ‘पुस्तकात चूक असते का?’

मी म्हटलं, ‘या पुस्तकात आहे.’

उरलेला तास मी वर्गाबाहेर उभी राहिले. घरी दादाने महिनाभर मला ‘मधला मोठा’ म्हणून हाक मारली. तेही चाललं असतं. पण त्यानंतर कुठल्याही आकृतीकडे बघितलं की मला वाटायचं, आपल्याला दिसतंय ते खरं नसणार. समोर चारातले तीन भाग रंगवलेले दिसत असले तरी मी शेजारणीच्या वहीत डोकावायची. सहामाहीत गणितात नापास झाले आणि मग तेच माझ्या अंगवळणी पडलं. पुढे जिथे आकडे नसतील तिथे जायचं असं ठरवून मी भाषा घेतली.

भाषा शिकून मी मुद्रितशोधक झाले. छापायच्या आधी पुस्तकातल्या चुका पकडायच्या, हे माझं काम. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळणार असं घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘हे तर तू फुकटातही करतेस.’ नोकरी शाळेची पुस्तकं तयार करणाऱ्या कार्यालयात होती. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली. एका बाजूला लोखंडी कपाटं, दुसऱ्या बाजूला खिडक्या. भाषेच्या टेबलांवर जागा नव्हती म्हणून मला शेवटच्या खिडकीपाशी बसवलं, चित्रकाराच्या शेजारी.

चित्रकार म्हटल्यावर मला वाटलं, झाडं, पक्षी, नदी काढणारा कोणीतरी असेल. ते काम बाहेरच्या लोकांकडे जायचं. हे फक्त गणिताच्या आकृत्या काढत. त्यातही मुख्यतः अपूर्णांकांच्या. गोल, चौकोन, पट्ट्या, आणि त्यांचे भाग. निम्मा, पाव, पाऊण, एक छेद तीन, दोन छेद पाच. तेवीस-चोवीस वर्षं त्यांनी दुसरं काही काढलं नव्हतं. आमच्या शिपाईमामांनी त्यांचं नाव ‘वाटेकाका’ ठेवलं होतं, कारण दिवसभर वाटे पाडत बसलेले असतात. त्यांच्या तोंडावरही सगळे तेच म्हणत. त्यांनी कधी मान वर करून आक्षेप घेतला नाही. तसे ते मान वर कमीच करत.

त्यांची कामाची एक रीत होती आणि तिच्यावरून खोलीत भरपूर हशा पिकायचा. टेबलावर काचेच्या पेटीत एक सोनाराचा काटा होता, दोन पितळी पारड्यांचा. काका जाड पुठ्ठ्यावर पट्टी आणि कर्कटक घेऊन आकृती काढत. मग त्याच पुठ्ठ्यावर तशीच दुसरी काढून तिचे भाग कात्रीने कापत आणि काट्यावर एकमेकांविरुद्ध तोलत. पारडी समोरासमोर स्थिर राहिली तरच आकृती पसंत. मूळ चित्राच्या पाठीमागे मग तारीख घालून लिहायचे: वजन केले. कापलेले तुकडे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत जायचे. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: अर्धे, तृतीयांश, चतुर्थांश, पंचमांश, षष्ठांश.

‘डोळ्यांना दिसत नाही का सारखं आहे ते?’ मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मला गप्प बसणं जमत नाही.

‘दिसतं,’ ते म्हणाले. ‘पण मुलं आपल्यावर विश्वास ठेवतात ना.’

हे ऐकून मी मनात म्हटलं, चौथीत मला असा चित्रकार भेटला असता तर काय बिघडलं असतं.

माणूस एकटा होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ही माहिती शिपाईमामांकडून. काकांनी स्वतःहून काही सांगितलं नाही. दुपारी आम्ही सगळे टेबलं जोडून जेवायचो, ते आपल्या जागीच बसून जेवायचे. डबा संपला की एक सफरचंद काढायचे आणि त्याचे दोन भाग करायचे. इतके नेमके की बीसुद्धा मधोमध चिरली जायची. एक भाग खायचे. दुसरा डब्याच्या झाकणावर ठेवायचे. तो साडेपाचपर्यंत तिथेच असायचा, काळा पडत. मग बसच्या थांब्यावर उभं राहून तो खायचे. पहिल्यांदा मला वाटलं, चिक्कू दिसतोय म्हातारा, निदान शेजारच्या पोरीला तरी विचारावं. मग लक्षात आलं, विचारायचं कसं हेच त्यांच्या हातून निसटलं होतं. पुष्कळ दिवस न वापरलेलं कुलूप असतं ना, तसं काहीतरी झालं होतं. एकदा तो अर्धा भाग माझ्या बाजूला चार बोटं सरकला, थांबला आणि परत गेला. मी प्रुफात डोकं खुपसून बसले होते. तेव्हा मी नुसता हात पुढे करायला हवा होता, हे मला आज कळतं.

साहेबांना बढती मिळाली तेव्हा केक आणला होता. आम्ही एकोणीस जण. कोणीतरी खोडी काढायची म्हणून सुरी वाटेकाकांच्या हातात दिली. सगळे मजा बघायला उभे. त्यांनी खिशातून कोनमापक काढला, पुसला, आणि काम सुरू केलं. वीस मिनिटं लागली. टायपिस्टबाई म्हणाल्या, ‘अहो, उद्याच्या नाश्त्याला तरी मिळेल का?’ काका म्हणाले, ‘तीनशे साठला एकोणिसाने पूर्ण भाग जात नाही. अठरा तुकडे एकोणीस अंशांचे झालेत. शेवटचा अठरा अंशांचा.’ आणि तो शेवटचा स्वतः उचलून जागेवर जाऊन बसले. 

मी त्यांच्याकडे अपूर्णांक शिकले ते ठरवून नाही. एकदा धाकटीच्या मुलीचा गृहपाठ माझ्या गळ्यात पडला. अर्धा अधिक एक तृतीयांश. मी वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, आणि दोन छेद पाच उत्तर काढून मोकळी झाले. काकांनी ते कागदावर बघितलं. मग डबे उघडले. माझ्यापुढे एक पूर्ण गोल ठेवला, त्यावर अर्धा तुकडा, शेजारी तृतीयांश.

‘यात किती भरलं?’

‘बरंचसं,’ मी म्हटलं.

‘तुझं उत्तर निम्म्याहून कमी आहे. आणि निम्मा तर आपण आधीच ठेवला.’

मी बघत राहिले. चुकले ते ठळक दिसत होतं, कोणी ओरडलेलं नसताना. मग त्यांनी षष्ठांशाचा डबा काढला. अर्ध्यावर तीन षष्ठांश चपखल बसले. तृतीयांशावर दोन. ‘वेगवेगळ्या मापांचे तुकडे मोजता येत नाहीत,’ ते म्हणाले, ‘आधी दोघांचे सारखे तुकडे करायचे. मग मोज.’ मी मोजले. पाच. सहातले पाच, आणि एका तुकड्याएवढी जागा रिकामी. तिथे खालचा पुठ्ठा दिसत होता. पंचवीस वर्षांची घोडी मी, टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांकडे बघून माझे डोळे भरून आले. छेद वाढतो तसा भाग का लहान होतो, हे त्या दुपारी माझ्या बोटांना कळलं.

त्याच आनंदात मी त्यांना चौथीची गोष्ट सांगितली. कलिंगड, दादा, बाई, वर्गाबाहेरचा तास, सगळं रंगवून. ‘कोण गाढव होता तो चित्रकार, देव जाणे!’ असंही म्हणाले. आमच्या पुस्तकांवर चित्रकाराचं नाव छापत नाहीत, आणि प्रत्येक तुकडा तोलणाऱ्या माणसाचा मला संशय येणं शक्यच नव्हतं. काका हसले नाहीत. त्यांनी डब्यांची झाकणं एकेक करून लावली आणि हात धुवायला गेले. पुढचा आठवडाभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आपण फार बडबड केली. मी कानाला खडा लावला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, काकांच्या निवृत्तीला महिना उरला असताना, चौथीचं गणित नव्याने छापायचं ठरलं. इतकी वर्षं आकृत्या त्याच होत्या, नुसतं पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं जात होतं. आता प्रत्येक मूळ चित्र कपाटातून काढून तपासायचं होतं. तक्ता होता: पान, चित्र, आणि शेरा. ‘ठेवायचे’ किंवा ‘बदलायचे’. शेरा चित्रकाराने द्यायचा, खाली सही करायची. बदललेलं जुनं चित्र नियमाप्रमाणे फाडून टाकायचं. गणिताचे मुद्रितशोधक रजेवर होते, म्हणून तक्ता पडताळायचं काम माझ्यावर आलं. जन्मात पहिल्यांदा मी गणिताच्या पुस्तकाला आपणहून हात लावला, आणि खरं सांगते, थोडी ऐटीतच लावला.

पान त्रेचाळीसचं पाकीट उघडलं आणि मी चौथीत गेले.

तोच गोल. दोन उभ्या रेघा. मधला भाग रेघांनी भरलेला. मूळ चित्र पुस्तकातल्यापेक्षा बरंच मोठं होतं, त्यामुळे सगळं स्पष्ट दिसत होतं. तिरक्या रेघा वरून अगदी जवळजवळ आणि सरळ होत्या, खाली येता येता कापऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या चार कडेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. मी चित्र उलटं केलं. पाठीमागे काकांचं अक्षर. अठरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि पुढे दोन शब्द: वजन राहिले.

तक्त्यात बघितलं. पान त्रेचाळीस. शेरा: ठेवायचे. खाली सही.

मी ते चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. ‘काका, हे तुमचं?’

त्यांनी चष्मा काढला. ‘हो.’

‘मी तुम्हाला सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं.’

‘हो.’

‘तेव्हा तुम्हाला माहीत होतं?’

‘त्याच्याही आधीपासून. पुस्तक छापून आलं त्या दिवसापासून.’

‘आणि तरी ठेवायचं?’

‘आठवडाभर थांबशील?’

‘आठवडाभराने काय होणार आहे? मधला बारीक होणार आहे?’ माझा आवाज चढला होता. कपाटांपलीकडची टंकलेखनाची खटखट थांबली. ‘केकच्या एका अंशाचा हिशोब सांगणारे तुम्ही! मुलं विश्वास ठेवतात म्हणणारे तुम्ही! मी उभी होते त्या दाराबाहेर. नऊ वर्षांची. आणि मी बरोबर होते!’

 त्यांनी चष्मा घातला, डब्याची पिशवी उचलली आणि तीन वाजता ते घरी निघून गेले. इतक्या वर्षांत वेळेआधी निघायची त्यांची ती पहिलीच वेळ, असं शिपाईमामा म्हणाले. झाकणावर अर्धं सफरचंद तसंच राहिलं. पुढचे तीन दिवस ते आले नाहीत.

सोमवारी तक्ता साहेबांकडे द्यायचा होता. मी स्वतः एक रेघ मारून ‘बदलायचे’ लिहू शकत होते. पुरावा हातात होता. पण मला ते त्यांच्याच हाताने लिहून हवं होतं. अठरा वर्षं पुस्तक मला खोटं पाडत आलं होतं, आता पुस्तकानेच कबूल करावं, एवढा माझा हट्ट होता. रविवारी सकाळी मी चित्र आणि तक्ता पिशवीत घातला आणि शिपाईमामांकडून पत्ता घेऊन त्यांच्याकडे गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. दार उघडल्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी दार चुकले असेन. टेबल, दोन खुर्च्या. एकीची बैठक बसून बसून खोल गेलेली, दुसरीची तशीच कोरी. भिंतीवर फक्त कॅलेंडर. इथेही खिडकीत एक काटा होता, कार्यालयातल्यासारखाच, आणि फळीवर डब्यांची रांग. चहा करतो म्हणाले. गॅसपाशी कप एकच होता. दुसरा सर्वांत वरच्या फळीवरून, स्टुलावर चढून काढावा लागला आणि त्यावरची धूळ दोनदा धुवावी लागली. अठरा वर्षांत कार्यालयातलं कोणीही या घरात आलेलं नव्हतं, हे मला विचारावं लागलं नाही. माझं भांडण जिन्यातच कुठेतरी सांडलं.

मी चित्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

‘रेघा ती भरायची. सगळ्या पुस्तकांतल्या. मी भाग पाडायचो, घरी आणायचो, आणि रात्रीचं जेवण झालं की ती भरायची. माझ्या हाताला ते जमायचं नाही. तिच्या रेघांमध्ये कागद सरकणार नाही इतकं सारखं अंतर असायचं. कार्यालयाला माहीत नव्हतं. मग ती दवाखान्यात गेली. पहिला आठवडा बरा होता. म्हणाली, काहीतरी काम आण, नुसतं पडून वेड लागेल. हे एवढं एकच चित्र बाकी होतं. पलंगाशेजारी स्टुलावर बसून, मांडीवर पुठ्ठा धरून काढलं. पंधरा सेंटिमीटरचा गोल. पाच, पाच आणि पाच. काटा नव्हता. म्हटलं, घरी जाऊन तोलू. तिने मधला भाग भरायला तीन दिवस घेतले.’

त्यांनी शेवटच्या चार रेघांवर बोट ठेवलं. ‘इथे ती दमली. म्हणाली, उद्या करते.’

 मी चहाच्या कपाकडे बघत राहिले.

‘मग घरी आलो तेव्हा तोलायचं सुचलं नाही. छापखान्याचा माणूस आला, पाकीट घेऊन गेला. पुस्तक हातात आलं तेव्हा पान उघडताक्षणी कळलं. दुसरं काढायला एक तास लागला असता. पण दुसरं आलं की हे फाडणार. आणि पुस्तकातूनही जाणार. दरवर्षी शाळा सुरू झाल्या की पोरांच्या दप्तरांतून तिच्या रेघा जायच्या. रस्त्यात मुलं दिसली की मला वाटायचं, यांच्याकडे आहेत. मी म्हटलं, एवढं बारीक कोणाला कळतंय? अठरा वर्षांत एक पत्र आलं नाही, एक तक्रार आली नाही.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू सांगितलंस तेव्हा कळलं, एका मुलीला कळलं होतं.’

मला रागावायचं होतं आणि ते जमत नव्हतं. आपलं दुःख खरं असतानाही समोरच्याचं त्याहून मोठं निघालं की माणसाची पंचाईत होते. मी म्हटलं, ‘काका, तक्त्यावर फक्त बदलायचे लिहा. चित्र तुम्ही घरीच ठेवा. मी नोंदीत फाडले असं लिहिते. कोण बघायला येतंय?’

‘आणि याच्या मागे काय लिहिलंय?’

ते दोन शब्द मला पाठ होते.

ते उठले. काट्याची काच उघडली, पारडी पुसली, खणातून कात्री काढली. मला ते काय करतायत ते कळलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, ‘नको ना! मला माहीत आहे मधला मोठा आहे!’

‘तुला माहीत आहे,’ ते म्हणाले, ‘दाखवलं कोणी नाही.’

‘मग तसाच दुसरा काढून कापा.’

‘दुसरा कशाला? चूक याच्यात आहे.’

त्यांनी आधी गोल कापून काढला. मग डावी रेघ. कात्री थांबत थांबत चालत होती, पण हात हलला नाही. मग उजवी. टेबलावर तीन तुकडे झाले. डावा एका पारड्यात, उजवा दुसऱ्यात. पारडी थोडी झुलली आणि समोरासमोर थांबली. मग त्यांनी उजवा उचलला आणि मधला, रेघांचा तुकडा, दोन्ही हातांनी त्या जागी ठेवला. ते पारडं खाली गेलं. टक् असा आवाज झाला, इतका लहान की एरवी ऐकू आला नसता. त्यांनी चिमट्याने वजनं घालून पुरतं मोजलं. कडेचे साडेतीन-साडेतीन ग्रॅम. मधला पाच.

‘बारातले पाच,’ ते म्हणाले. ‘एक तृतीयांश झाला असता तर चार भरला असता. तू बरोबर होतीस.’

मी मान हलवली. अठरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते ऐकताना मला वाटलं, हे मी कधी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

त्यांनी तक्ता घेतला, ‘ठेवायचे’वर रेघ मारली, ‘बदलायचे’ लिहिलं आणि सही केली. मग कडेचे दोन तुकडे केराच्या टोपलीत टाकले. मधला हातात घेऊन डब्यांच्या रांगेसमोर उभे राहिले. अर्धे, तृतीयांश, चतुर्थांश, पंचमांश, षष्ठांश. त्याच्यासाठी डबा नव्हता. शेवटी त्यांनी तो परत पारड्यातच ठेवला आणि काच लावून घेतली.

नवीन चित्र त्यांनी निवृत्त होण्याच्या दोन दिवस आधी दिलं. गोल, मध्यापासून कडेपर्यंत तीन रेघा. मागे लिहिलेलं: वजन केले. पण तिन्ही भाग कोरे होते. मी म्हटलं, ‘काका, रेघा राहिल्या. मी भरू का? मी हळूहळू भरीन.’ त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘नको.’ प्रश्न त्यांनी खोडून खाली पेन्सिलीने नवा लिहिला होता: यातला कोणताही एक भाग तुम्ही रंगवा. साहेब थोडे कुरकुरले, पण समितीला तो आवडला.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांच्या जागी एक संगणक बसला होता. पहिली प्रत घेऊन मी रविवारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी त्रेचाळीसावं पान उघडलं आणि खिडकीजवळ नेऊन बराच वेळ बघितलं. मागे काट्याचं एक पारडं अजून खालीच होतं.

‘छपाई चांगली आलीय,’ ते म्हणाले. ‘तिन्ही सारखे आहेत.’

‘हो.’

‘यात मधला असा कोणता नाहीच.’

‘नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. मग डब्यातून सफरचंद काढलं, नेमके दोन भाग केले आणि एक माझ्यापुढे सरकवला. या वेळी मी हात पुढे केला. आम्ही दोघंही खात बसलो, आणि खाऊन झाल्यावर ते दुसरा कप विसळायला आत गेले.